बटण दाबलेलं

सकाळची डेमू नागभीडहून सुटते
तेव्हा माझ्या पिशवीत दोन तागड्या, एक कानस,
शिक्का पुसलेली लोखंडी मापं,
आणि टॉवेलात गुंडाळलेला
बल्लारशाच्या भंगारवाल्याकडून साडेआठशेला घेतलेला
वीतभर सेट.
वायर बाहीतून वर, डाव्या कानात.
लोकांना वाटतं, म्हातारा भजनं ऐकतो.

मी काटे दुरुस्त करतो,
ज्या गावचा बाजार त्या गावी.
काट्याचं आणि सेटचं एकच:
जास्त पिळलं की गेलं.
केसाएवढं. थांब. अजून अर्धा केस.
मग खरखरीतून माणूस निघतो,
कोंड्यात हात घातल्यावर एखादा अख्खा दाणा लागावा तसा.

"तळोधीचा होम पिवळा."
"पिवळा, बरोबर."
"लूपवर टाकतील, समोरून कोळसा येऊन राह्यला."
"येऊ दे ना बाप्पा. त्याले घाई, आपल्याले काय."

गाडी रानात उभी.
काहून थांबली, डबा विचारतो.
समोरची बाई तर टोपलीतल्या कोंबडीलाही विचारते.
मला माहीत असतं.
मी कोंबडीकडे बघत बसतो.
असं ऐकणं गुन्हा आहे म्हणतात. असेल.
पण खरं सांगू,
सांगितलं की ते माझ्या एकट्याचं राहत नाही.

पुढे कटरे, गोंदियाकडचा, हसून बोलणारा.
मागे उरकुडे.
आता त्याला गार्ड म्हणत नाहीत, मॅनेजर म्हणतात,
आवाज मात्र गार्डचाच.
त्या पावसाळ्यात दोघं सिग्नलांच्या मधे मधे बोलायचे:

"पोरीचा ताप?"
"चौथा दिवस. प्लेटलेट चाळीस हजार."
"पपईच्या पानाचा रस द्या."
"देल्ला. ओकली."
"आलेवाहीचा होम हिरवा."
"हिरवा, बरोबर."

त्या आठवड्यात माझ्या हातून
एकही काटा शून्यावर उभा राहिला नाही.
सिंदेवाहीचा किराणावाला म्हणाला,
दुर्वास भाऊ, हात काहून कापते?

मग मूलला गाडी जरा जास्त थांबली.
नळावर बाटली भरायला एक माणूस आला, काखेत झेंडे.
बुटका. चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली.
आवाजावरून मी त्याला उंच केला होता,
मिशीसुद्धा दिली होती.
"पाणी गढूळच येते इथलं," तो म्हणाला,
आणि आवाज तोच.
माझं तोंड माझ्या आधी बोललं:
"उतरला का ताप?"

"उतरला," तो म्हणाला,
जसं कोणीही विचारलं तर आपण म्हणतो.
दोन पावलं गेला.
वळला.
आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग बाहीकडे,
मग बाहीतून वर गेलेल्या वायरीकडे.
इंजिनाने शिटी दिली. त्याला जावं लागलं.
बाटली नळाखालीच राहिली, भरून वाहत.

तेव्हापासून नुसतं
होम हिरवा. हिरवा, बरोबर.
"काय उरकुडे, आज मुके?" कटरे विचारतो.
"राजोली स्टार्टर हिरवा," एवढंच येतं.
पोर शाळेत जायला लागली की नाही,
कळायला मार्ग नाही.
मीच तोडला तो, अडीच शब्दांत.
आयुष्यभर लोकांना सांगत आलो,
काट्याला बोट लावू नका.

सेट घरी ठेवून पाहिला दोन फेऱ्या.
कान नुसता लोंबत राहिला.

गेल्या गुरुवारी राजोलीच्या पुढे,
पानं झडलेल्या सागांतून जाताना,
जिथे सिग्नल नाही, फाटक नाही,
बोलायचं काही कारण नाही,
सेटवरचा दिवा लागला.
शब्द नाही.
कोणीतरी बटण दाबून धरलं होतं.

आधी माझ्या बाकाखाली रुळाचा सांधा वाजला,
मग तोच सांधा कानात,
तीन डबे मागून.
पुढचा इथे. पुढचा तिथे.
मी मोजत गेलो, सतरापर्यंत.
दिवा विझला.

"मूलचा होम पिवळा," कटरे म्हणाला.
"पिवळा," मी पुटपुटलो,
आणि त्याच्या "बरोबर"ची वाट बघितली.